तीच भाजी एकाला औषध, दुसऱ्याला अपाय! किडनी आणि हृदयाच्या रुग्णांनी ताटात काय घ्यावं, काय टाळावं?

नाशिक : निफाड-लासलगावचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं, कसमादे पट्ट्यातलं डाळिंब, गिरणारे-पिंपळगावचा टोमॅटो आणि सुरगाणा-पेठची नागली. हृदयाला चांगलं म्हणून जे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं नाशिक जिल्ह्याच्या शेतातच पिकतं. त्यात मोबाईलवर रोज एखादा मेसेज येऊन पडतो. ‘हा रस प्या, ब्लॉकेज निघून जाईल’, ‘हा काढा घ्या, किडनी साफ होईल’. पण वाचणाऱ्याची किडनी किती चालते, हे मेसेज पाठवणाऱ्याला माहीत नसतं. सगळी मेख तिथेच आहे. निरोगी माणसाचं हृदय सांभाळणारा घटक किडनी अधू झालेल्या माणसाचं हृदय बंदही पाडू शकतो.

अन्नातले हे घटक कोणते, ते काय काम करतात आणि कोणी कशापासून जपायचं, याची ही माहिती.

झाडात ही रसायनं असतात कशाला?

झाडाला पळता येत नाही. कीड, बुरशी, ऊन आणि जनावरं यांच्यापासून वाचायला ते स्वतःच रसायनं तयार करतं. कांद्याचा झोंबरेपणा, कारल्याचा कडूपणा, डाळिंबाच्या सालीचा तुरटपणा, काळ्या द्राक्षाचा रंग, हा सगळा त्याच रसायनांचा खेळ आहे. आपण ते खातो तेव्हा लिव्हर त्यांची मोडतोड करतं आणि उरलेलं बरंचसं किडनी लघवीवाटे बाहेर टाकते.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातलं जवळपास सगळं परत रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर लघवी होते. ही गाळणी निम्म्याच्या खाली आली की काही घटक रक्तात साचू लागतात. वाढलेला बीपी किडनी खराब करतो, आणि खराब किडनी बीपी आणखी वाढवून हृदयावर ताण आणते. म्हणून या दोन अवयवांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

आपल्या शेतातलं काय, हृदयाला किती कामाचं?

कांदा : लाल कांद्यात क्वेर्सेटिन नावाचा घटक असतो. बाहेरच्या पापुद्र्यांत तो जास्त, आतल्या गाभ्यात कमी, आणि पांढऱ्या कांद्यात अगदी थोडा. त्याने बीपी किंचित उतरतो असं काही चाचण्यांत दिसलं, पण तिथे दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क्वेर्सेटिन दिलं होतं. १०० ग्रॅम लाल कांद्यात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतं. म्हणजे तेवढी मात्रा गाठायला रोज सव्वा ते अडीच किलो कांदा खावा लागेल! भाकरीबरोबर कांदा जरूर खावा, पण त्याच्या भरवशावर बीपीची गोळी बंद करू नये. सोलताना मात्र दोन-दोन पापुद्रे उगाच फेकू नयेत.

लसूण : पाकळी ठेचल्यावर ॲलिसिन तयार होतं. ठेचल्या ठेचल्या गरम तेलात टाकली तर ते नीट तयारच होत नाही. ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवावी, मग फोडणीत टाकावी. लसणाने बीपी थोडा कमी होतो आणि रक्त थोडं पातळ होतं. ऑपरेशन ठरलं असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर लसणाच्या कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

द्राक्ष आणि वाईन : द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेरेट्रॉल असतं. त्यामुळे ‘वाईन हृदयाला चांगली’ असा समज पसरला. प्रत्यक्षात लिटरभर रेड वाईनमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं, तर चाचण्यांमध्ये रोज शेकडो मिलिग्रॅम दिलं जातं. दारूची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. द्राक्ष खायचंच तर स्वच्छ धुऊन, सालीसकट, मूठभर.

डाळिंब : यातल्या पॉलिफेनॉलमुळे वरचा बीपी थोडा खाली येतो, असं काही चाचण्या सांगतात. पण डाळिंबात पोटॅशियमही आहे. किडनीच्या रुग्णाचा घोटाळा तिथे होतो. त्याबद्दल पुढे.

टोमॅटो : लाल रंग देणारं लायकोपिन कच्च्यापेक्षा शिजवलेल्या आणि थोडं तेल घातलेल्या टोमॅटोतून अंगी जास्त लागतं. फोडणीची टोमॅटोची चटणी या बाबतीत कोशिंबिरीपेक्षा सरस.

पालक, माठ, बीट : यांत नायट्रेट भरपूर. जिभेवरचे जंतू त्याचं रूप बदलतात आणि पुढे शरीरात त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. त्यामुळे बीपी उतरायला मदत होते.

नागली, बाजरी : नागलीच्या लालसर टरफलात पॉलिफेनॉल आणि तंतू असतात. ते शुगर हळू वाढू देतात. धान्यातला फॉस्फरस ‘फायटेट’ या रूपात बांधलेला असतो, त्यामुळे तो सगळा रक्तात उतरत नाही. याउलट पाकीटबंद पदार्थ आणि कोलामध्ये वरून घातलेला फॉस्फेट जवळपास पूर्ण शोषला जातो. म्हणून किडनीच्या रुग्णाला बिस्किटाच्या पुड्यापेक्षा भाकरी बरी.

वरचं वाचून एक गोष्ट लक्षात येईल. एकट्या कांद्याने किंवा एकट्या डाळिंबाने चमत्कार होत नाही. फायदा होतो तो रोजच्या भाकरी, डाळ, भाजी, उसळ आणि फळ या पूर्ण ताटाचा, तोही मीठ कमी असेल तर. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका छोट्या चमच्याच्या आत असावं. लोणचं, पापड, शेव-फरसाण यातलं मीठही त्यातच मोजायचं.

पोटॅशियम : चांगल्या किडनीला मित्र, अधू किडनीला शत्रू

पोटॅशियम हे खनिज फळं-भाज्यांत भरपूर असतं. निरोगी प्रौढ माणसाला ते दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम मिळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याने बीपी कमी राहतो. रक्तातलं त्याचं प्रमाण मात्र ३.५ ते ५ याच पट्ट्यात राहावं लागतं, आणि ते राखायचं काम किडनीचं. किडनी थकली की पोटॅशियम चढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पुष्कळदा आधी काहीच त्रास जाणवत नाही. कधी पायांत अशक्तपणा येतो, छातीत धडधडतं, आणि थेट हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

१०० ग्रॅममध्ये अंदाजे किती पोटॅशियम असतं?

- बेदाणे : ७५० मिलिग्रॅम
- पालक : ५५० मिलिग्रॅम
- बटाटा : ४२० मिलिग्रॅम
- केळं : ३६० मिलिग्रॅम
- नारळपाणी (१०० मिली) : २५० मिलिग्रॅम
- टोमॅटो : २४० मिलिग्रॅम
- डाळिंबाचे दाणे : २३५ मिलिग्रॅम
- द्राक्षं : १९० मिलिग्रॅम
- कांदा : १४५ मिलिग्रॅम

आजारी माणसाला भेटायला जाताना आपल्याकडे शहाळं नेण्याची रीत आहे. एका मोठ्या शहाळ्यातून ६००-७०० मिलिग्रॅम पोटॅशियम सहज जातं. डायलिसिसवरच्या माणसासाठी ही भेट धोक्याची ठरू शकते.

‘लो सोडियम’ मिठाचंही तसंच. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने असं मीठ वापरायची शिफारस केली, पण किडनीच्या रुग्णांना त्यातून वगळलं. सैंधव मीठही काही वेगळं नाही. तेही मुख्यतः साधं मीठच आहे, बीपीला तितकंच जड.

ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलं आहे, त्यांनी भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी, ते पाणी ओतून द्यावं आणि मग फोडणी द्यावी. पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणूनच रस्सा वाटीभर पिऊ नये, फोडी खाव्यात.

पण याचा अर्थ किडनीच्या प्रत्येक रुग्णाने भाज्या सोडाव्यात असा नाही. रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल असेल तर फळं-भाज्या तोडायचं कारण नाही. किडनी आजारावरच्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही मांसाहारापेक्षा वनस्पतिजन्य अन्न जास्त ठेवायला सांगितलं आहे.

ऑक्सलेट : मुतखड्याचं मूळ, आणि आजीच्या स्वयंपाकातला उतारा

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात. पालक, माठ, राजगिरा, आळू, बीट यांत ऑक्सलेट जास्त. आळूने घसा खाजतो तो याच ऑक्सलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. म्हणून आळूच्या फदफद्यात चिंच पडते. पहिल्या पावसात रानातून येणाऱ्या शेवळांच्या भाजीतही काकडाची आंबट फळं घालतात, ती खाज मारायलाच.

पालकाची ताकातली भाजी हे तर शास्त्रात पूर्ण बसणारं जेवण. ताकातलं कॅल्शियम पोटातच ऑक्सलेटला धरून ठेवतं आणि दोन्ही मिळून शौचावाटे निघून जातात. रक्तात आणि किडनीत ऑक्सलेट कमी पोचतं. मुतखडा झाला की लोक दूध-दही बंद करतात. ते उलट पडतं. जेवणातलं दूध-दही-ताक बंद करू नये. पालक-माठ उकळून पाणी टाकलं तरी ऑक्सलेट बरंच कमी होतं.

‘कुळथाचं पाणी प्या, खडा पडेल’ असंही सांगतात. ५ मिलिमीटरच्या आतले बरेच खडे आपोआपच पडतात, आणि त्यात मोठा वाटा पोटात जाणाऱ्या पाण्याचा असतो. निरोगी किडनीच्या माणसाने कुळीथ खायला हरकत नाही. मात्र खडा अडकून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर कुळथावर दिवस काढू नयेत. त्यात किडनी कायमची जाऊ शकते.

मुतखडा आणि किडनी फेल होणं हे वेगळे आजार आहेत, हेही ध्यानात ठेवावं. मुतखड्याच्या माणसाला भरपूर पाणी प्यायला सांगतात. हृदय कमजोर झालेल्या किंवा डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. एकाचा सल्ला दुसऱ्याने उचलला की पायावर सूज आणि दम लागलाच.

खरा धोका रसात आणि काढ्यात

भाजी म्हणून माणूस वाटीभर पालक खातो. रस करायचा तर अख्खी जुडी मिक्सरमध्ये जाते, तीही कच्ची, रोज, उपाशीपोटी. मग ऑक्सलेट आणि पोटॅशियम दोन्ही एकदम अंगावर येतात. पालेभाज्यांचे रस महिनोन्‌महिने पिऊन ऑक्सलेटने किडनी निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

कडू दुधी : दुधीचा रस ‘ब्लॉकेज’साठी सर्रास घेतला जातो. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटॅसिन हे विष असतं. दिल्लीत २०१० मध्ये एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा विषय तपासला. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर फेकून द्यावा, दुसऱ्या रसात मिसळू नये, असं समितीने सांगितलं. रस प्यायल्यावर पोटात दुखलं, उलटी किंवा जुलाब झाले, उलटीत रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठावा. शिजवूनही हा कडूपणा जात नाही.

कमरख (करंबळ) : आडवं कापलं की चांदणीसारखी फोड निघणारं हे आंबट फळ. यात ऑक्सलेट तर आहेच, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन हे मेंदूवर परिणाम करणारं विष आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये ओळखलं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र एखादं फळही पुरतं. न थांबणारी उचकी, उलटी, बडबड, झटके आणि मृत्यू, अशी ही वाट. किडनीच्या रुग्णाने कमरख चाखूही नये.

ज्येष्ठमध : खोकल्यावर चिमूटभर ठीक. पण रोजच्या काढ्यात महिनोन्‌महिने घेतलं तर त्यातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम फार खाली नेतं. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी ते नेमाने घेऊ नये.

सापसंद आणि तिचं कुळ : या वेलीच्या कुळात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनी कायमची सुकवतं आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर करतं. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी जडीबुटीतून ते पोटात गेलं आणि सुमारे शंभर स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या. त्याहून मोठी गोष्ट युरोपात डॅन्यूब नदीकाठच्या शेतकरी गावांची. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरात किडनीचा आजार दिसायचा. गव्हात उगवणाऱ्या याच कुळातल्या तणाचं बी धान्याबरोबर दळलं जायचं आणि रोजच्या पावातून पोटात जायचं. धान्य निवडून, चाळून मग गिरणीत न्यायची आपल्याकडची सवय किती मोलाची, ते यावरून कळतं. नाव-गाव नसलेली पुडी, मुळी किंवा काढा ‘झाडपाल्याचाच तर आहे’ म्हणून घेऊ नये, ही दुसरी शिकवण.

गोळी चालू असेल तर भाजीकडे बघा

- झडप बदललेले रुग्ण : वॉरफरिन किंवा एसिनोकौमारॉल चालू असेल तर पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांतलं व्हिटॅमिन के गोळीचा जोर कमी करतं. भाज्या बंद करायच्या नाहीत, रोज साधारण सारख्याच ठेवायच्या. आठवडाभर शून्य आणि मग एकदम दोन जुड्या, असं नको.
- टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन : या गोळ्या पोटॅशियम वाढवू शकतात. त्या मनाने बंद करू नयेत, पण नारळपाणी, रस आणि लो सोडियम मीठ सुरू करण्याआधी विचारावं. ठरल्या वेळी रक्त तपासावं.
- पपनस आणि ग्रेपफ्रूट : यातले घटक कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या (ॲटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन) आणि किडनी बदललेल्या रुग्णांच्या गोळ्या (सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस) यांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात. किडनी बदललेल्यांनी ही फळं टाळावीत.

आधी तपासणी, मग मेसेज

किडनी निम्म्याहून जास्त जाईपर्यंत बहुतेकांना काही कळत नाही. दोन साध्या तपासण्या पुरेशा आहेत.

1. रक्तातलं क्रिएटिनिन : त्यावरून ‘ईजीएफआर’ हा आकडा काढतात. तो ९० च्या वर असला तर चांगलं. तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा आजार समजतात. १५ च्या खाली गेला तर किडनी निकामी होण्याची पायरी.
2. लघवीतलं अल्ब्युमिन : क्रिएटिनिनशी त्याचं प्रमाण ३० च्या आत असावं. शुगर आणि बीपीच्या रुग्णांत पुष्कळदा हाच आकडा आधी बिघडतो.

शुगर, बीपी किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी, घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी आणि अंगदुखीसाठी वरचेवर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या कराव्यात. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर तपासणी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. डायलिसिसची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१६ पासूनचा प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांचा आधार आहे. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

थोडक्यात, कोणी काय करायचं?

- किडनी ठीक, बीपी किंवा कोलेस्टेरॉल जास्त : भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, फळ भरपूर. मीठ कमी. फळ चावून खा, रस नको.
- मुतखडा होऊन गेलेला : लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर होईल इतकं पाणी. पालक-माठ ताका-दह्याबरोबर. दूध बंद करू नका.
- क्रिएटिनिन वाढलेलं : पोटॅशियमचा रिपोर्ट हातात घेऊनच आहार ठरवा. नारळपाणी, रस, बेदाणे, लो सोडियम मीठ विचारल्याशिवाय नको. कमरख कधीच नाही.
- डायलिसिसवर : पाणी मोजून, भाजी उकळून, रस्सा टाळून. उचकी थांबत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा पाय गळून गेले असतील, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता रुग्णालयात जा.

यापुढे ‘हा रस प्या’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी घरातल्या शुगर-बीपीवाल्या माणसाचा क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे, ते बघा. रिपोर्टच नसेल तर आधी तो काढा.